बुडीत

बर्कनहेडच्या गोदीमागे कंपनीची कचेरी.
काचांना काळा कागद, दुपारी दोनलाही दिवा.
हेस्केथसाहेबाने वही उघडली, टाकाचं टोक पुसलं,
विचारलं, तू ओळखायचास ना याला?

ओळखायचो.
भिवा तारी, मुक्काम तांबळडेग, तालुका देवगड.
आडनावावर काही बोलू नका.
ते त्याच्या आज्याचं. खाडीवर होडी होती त्यांची,
माणशी एक पैसा, बाळंतिणीला फुकट.

साहेब म्हणाला, पगार सोळा तारखेपर्यंतचा.
सोळा का?
सोळाला जहाज बुडालं.
जहाज नाही तिथे नोकरी नाही,
गोऱ्या खलाशालाही हाच नियम.
मी मान डोलावली. आमच्यात याला
वेगळा नियम लागत नाही:
जहाज बुडतं, पगार बुडतो,
दिवस बुडतो, सावकार बुडतो, पोराची शाळा बुडते,
शब्द एकच, पाणी तेवढं निराळं.
साहेबाला सांगितलं असतं,
पण माझं इंग्रजी दोर ओढण्यापुरतं.

हॅलिफॅक्सहून निघालो तेव्हा एकेचाळीस जहाजं, नऊ रांगा.
पोटात गहू, लाकूड, डबाबंद मासे.
भिव्याचं जहाज आमच्या पुढे, पाचव्याच रांगेत.
माणूस ओळखू यायचा नाही,
पण सकाळी भंडाऱ्याच्या चुलीचा धूर दिसला की
मी म्हणायचो, झाला याचा चहा.

बाराव्या रात्री डाव्या अंगाला माझा पहारा.
आवाज मोठा नव्हता.
गोदामात पोतं पडावं तसा.
आणि पुढे जागा झाली.
आग नाही, काही नाही, नुसती जागा.

थांबायचं नाही, असा हुकूम.
थांबला तो दुसरा.
पाण्यात लाल दिवे आले, विडीच्या टोकाएवढे,
आमच्या अंगाला घासून मागे जाऊ लागले.
शिट्ट्या. खूप शिट्ट्या.
आणि त्यांच्या मधून, अगदी सावकाश,
“गाववालो कोण आसा रे थंय?”

मदत मागत नव्हता. विचारत होता.
बाजारातून रात्री परतताना माणूस
समोरच्या कंदिलाला विचारतो, तसं.

मी म्हणालो, “मी आसंय.”
मोठ्याने म्हणालो की तोंडातल्या तोंडात, आठवत नाही.
आमचा वेग तासाला सात मैल.
बैलगाडीपेक्षा थोडा जास्त.
तरी दोन शब्दांत तो मागे गेला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
माझ्या हातात चहाचा टिनपाट मग होता.
तोच टाकला.
(त्याचे चार पेनी पगारातून कापले. बरोबर आहे.)

पहाऱ्याची बोट वळून आली
आणि लाल दिवे होते तिथेच
स्फोटाची पिंपं सोडू लागली. खाली पाणबुडी होती.
पत्र्यावर कोणी मोगरी मारावी
तसं आमचं जहाज सकाळपर्यंत वाजत राहिलं.
हे मी साहेबाला सांगितलं नाही. वहीतही नाही.

अजून काही? साहेब म्हणाला.
आहे. मी त्याला साडेतीन शिलिंग देणं लागतो.
मागल्या खेपेला, इथेच, ग्रेंज रोडवर
लोकरीचे मोजे घेतले, पैसे त्याने भरले.
साहेबाने रकान्यांवरून बोट फिरवलं.
कंपनीचं देणं होतं, कंपनीचं येणं होतं.
खलाशाचं खलाशाला, असा रकाना नव्हता.

मी नाणी टेबलावर ठेवली, निघालो.
तो पायऱ्यांपर्यंत धावत आला, बोडक्या डोक्याने,
गारा पडत होत्या,
नाणी माझ्या मुठीत कोंबली.
तूच नेऊन दे तिला, असं काहीसं म्हणाला.
त्याच्या बोटांची शाई माझ्या तळव्याला लागली.

मंगळवारी पुन्हा निघायचंय.
मोजे पायांत आहेत.
नाणी रुमालाच्या गाठीत, कमरेला.
आमच्या घरात कोणी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत.