एक जून

माझी जन्मतारीख एक जून.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली.
आईला विचारलं, तर ती म्हणाली,
भात लावून झाला होता, एवढंच आठवतं.
म्हणून वयोगटाचे फॉर्म भरताना
माझा हात जरा सैल चालतो,
आणि खिडकीतले खर्डेकर चष्म्यावरून बघतात.

अँटॉप हिलच्या मैदानात
गवत कॉर्नरला उगवतं, गोलसमोर कधीच नाही.
तिथे टाचांनी उकरलेला खड्डा.
शनिवारी मी दोन घमेली माती टाकतो,
रविवारी संध्याकाळी तो होता तेवढाच खोल.

आठच्या आतल्यांत मी गोली नेमत नाही.
आमचा उंच आहे, त्यालाच उभा करा, म्हणतात पालक.
नाही करत.
पाळी बदलत राहते. बाटल्या म्हणजे खांब,
टेनिसचा चेंडू भिंतीवर, भिंतीवरून हातात.
सुटला, की मुलं चेंडूकडे बघत नाहीत,
माझ्या तोंडाकडे बघतात.
त्या वयात ट्रेनिंग माझ्या तोंडाचं असतं.

मग पडायला शिकायचं.
आधी बसून पडायचं, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवं,
उभ्यानं सगळ्यात शेवटी.
हिताक्षी वैतीनं पहिल्याच दिवशी उभ्यानं सूर मारला,
कोपर सोललं, त्यावर थुंकी लावली, परत उभी.
दहा वर्षांची, शिवडी कोळीवाड्याची.
पकड तिला शिकवावी लागली नाही.
"ओला मासा धरतात तसं, सर.
आवळला की गेला."
हे मी आता सगळ्यांना सांगतो,
तिचं नाव न घेता.

चौदाव्या वर्षी हात आधी वाढतात,
मग पाय. अक्कल मागून, रमतगमत.
झुबेर एका मे महिन्यात चार बोटं वाढला
आणि काल अडवलेले बॉल आज काखेखालून जायला लागले.
त्यात आवाज फुटला.
गोलीनं बाहेर येताना ओरडायचं असतं: माझा!
तो ओरडायचा, अर्धा बाप, अर्धी चिमणी.
डिफेंडर हसायचे.
म्हणून तो गप्प झाला.
सेमीफायनलला शेवटचा कॉर्नर. तो आला बाहेर, गप्पच.
मेल्रॉयच्या कपाळावर त्याचं कपाळ,
आणि बॉल, कुणाचाच नसल्यासारखा,
आत.

मी काही बोललो नाही.
सोमवारी त्याला सहाला बोलावलं.
गोलमध्ये मी उभा राहिलो,
चोपन्न वर्षांचा, कागदावर.
मार, म्हटलं.
प्रत्येक बॉलला ओरडलो, माझा, माझा,
पाववाला सायकल टेकवून बघत राहिला.
सहा खाल्ले.
सातव्याला करंगळी ठणकली, पंचवीस वर्षांपूर्वी मोडलेली.
आठवा त्यानं उंच उडवला
आणि स्वतःच पळत आला त्याच्यामागे,
फाटक्या आवाजात, माझा!
माझ्या डोक्यावरून घेतला.
पाववाल्यानं घंटी वाजवली.

सतराच्यांना शिकवायला फार नसतं.
नव्वद मिनिटं उभं राहायचं, काम तीनदाच,
ते कधी, हे कुणी सांगत नाही.
ते ऐकून घेतात आणि मोबाईल बघतात.

झुबेरच्या दाखल्यावरही एक जून आहे.
खर्डेकर म्हणाले, आता कागद चालत नाही,
मनगटाचा एक्स-रे लागतो, हाडं वय सांगतात.
काढून आणला.
खिडकीच्या उजेडात फिल्म धरली.
वय मला वाचता येत नाही.
पण पाचही बोटं फाकलेली,
अंगठा किंचित आत,
तळवा समोर,
जसा बॉल येणारच आहे.
टेक्निशियन म्हणाला होता,
हात सैल सोड.