मिटलेला पंजा

क्लायपेडाच्या बंदरात बावीस वर्षं क्रेन चालवतोय मी.
वरून कंटेनर दिसतात काडेपेट्यांएवढे,
आणि माणसं दिसलीच
तर हेल्मेटच्या पिवळ्या टिकल्या.
खाली विल्मांतस उभा असतो, हात वर करून.
त्याचा पंजा मिटला की मी थांबतो.
का, ते नंतर विचारतो.

उग्नियुस नऊ वर्षांचा.
त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर
रविवारी उचलून मी स्वयंपाकघरात आणला,
पावाच्या डब्याशेजारी.
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी, पाठ माझ्याकडेच ठेवून, म्हणाला,
"बाबा, देवमाशाला बेंबी असते, माहितेय?"
नव्हतं माहीत.
बटाटे तसेच टाकून जाऊन बघितलं.
असते.

तेव्हापासून तो शोधतो, मी सोलतो.
गुरूचे चंद्र, पुलांची गणितं,
त्याची आई ज्या गावात मासळी भरते
त्या नॉर्वेतल्या गावाचा नकाशा.
(तो त्यानं तीनदा उघडला.
मी मोजलं, बोललो नाही.)
पासवर्ड त्यानंच ठरवला,
मला कानात सांगितला,
घरात तिसरं कुणी नसताना.

काल खेळता खेळता त्याची बोटं थबकली.
पडद्यावर कुणीतरी विचारत होतं,
तुझी शाळा कुठली?
घरी कोण कोण असतं?
चेहऱ्याच्या जागी कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र.
उग्नियुसनं वळून पाहिलं नाही.
फक्त डावा हात वर केला
आणि पंजा मिटला.

घशापर्यंत आलं होतं बरंच काही:
सांगितलं होतं ना, बघ आता, आजपासून बंद.
गिळलं सगळं.
सुरी ठेवली, हात पुसले, स्टूल ओढलं.
"पिल्लाचं नाव काय म्हणे?"
"तो सांगत नाही. नुसता विचारतो."
"मग?"
"मग मीपण नाही सांगत."
दार दोघांनी मिळून लावलं.
कुठलं बटण, ते त्यालाच ठाऊक होतं.
आईला काय सांगायचं, तेही त्यानंच ठरवलं:
सगळं.

रात्री मला झोप लागली नाही.
वर केबिनमध्ये वारा मोजायचं यंत्र आहे,
जोर वाढला की किंचाळतं.
इथं तसलं काही नाही.
इथं एक स्टूल आहे,
त्याचा एक पाय जरा आखूड.
खाली पुठ्ठ्याची घडी घालायला हवी,
बराच वेळ बसायचंय.