अंगठ्याएवढा गंज

अ‍ॅस्टोरियात लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही.
एका अंगाला कोलंबिया नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र,
मधे आमचं दुकान: गळ, जाळी, गमबूट, काडतुसं,
आणि मागच्या भिंतीला, कुलपात, बंदुका.

मी तेलांच्या फळीवर असतो.
आधी बंदुकांच्या काउंटरला होतो, पण माझ्या हाताला खार आहे;
दाखवायला काढलेल्या नळीवर
सकाळपर्यंत माझी बोटं तांबूस उमटायची.
मालक म्हणाला, "हेरंब, तू माणूस चांगला,
तुझा घाम वाईट."
म्हणून तेलं.

ऑक्टोबरातल्या एका ओल्या मंगळवारी
आयली निएमी आल्या. पिवळा रेनकोट, सत्तरी ओलांडलेली,
काखेत लांबट पेटी, आत नवऱ्याची
बदकं मारायची दुनळी.
"हिला गंजू द्यायचं नाही. काय देशील?"

मी एकेक डबी खाली मांडली.
हे पातळ: पाणी हुसकतं, खाचाखोचांत शिरतं,
पण महिन्याभरात उडून जातं, निरोप न घेता.
हे दाट ग्रीस: वर्षानुवर्षं हलत नाही,
पण बार काढायचा तर आधी तासभर रॉकेलने पुसा.
हा कागद, गुंडाळलेल्या पोलादाला आपली वाफ देत राहणारा.
ह्या पुड्या ओल पितात,
पोट भरलं की ओव्हनमध्ये शेकायच्या, पापडासारख्या.

खोबरेल आमच्या फळीवर नसतं.
देवगडला बाबा ठासणीच्या बंदुकीला तेच लावायचे,
बागेतली डुकरं हाकायची बंदूक,
दसऱ्याला कोयत्याशेजारी तिलाही झेंडूचं फूल.
इथल्या थंडीत ते घोड्यातच थिजलं असतं.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला:
"उडवायची आहे, की नुसती ठेवायची?"
साधा प्रश्न. त्यावरच सगळं ठरतं.
त्या डब्यांकडे बघत राहिल्या.
बाहेर कुठल्याशा ट्रकचा वायपर कुरकुरत होता.

त्यांनी पेटी उघडली.
पोलादावर, चापाच्या जरा वर, एक डाग,
अंगठ्याएवढा. नव्हे, अंगठाच.
वळसे, रेषा, मधून गेलेला
जुन्या कापल्याचा तिरका वण.
"शेवटची त्यानेच ठेवली. पुसायचं विसरला.
कधी विसरायचा नाही.
मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मग म्हणाल्या, "बाकी कुठेच गंज नको.
एवढा राहू दे."

वीस वर्षं मी गंज घालवायचं औषध विकतोय.
गंज राखायचं कुणी मागितलं नव्हतं.
पातळ तेल तो अंगठा हळूहळू सैल करील.
तारेचा काथ्या, दोन घासांत गेला.
मी मेणाची डबी पुढे सरकवली.
"मऊ सुती फडका घ्या. अगदी पातळ लावा. वाळू द्या. पुन्हा लावा.
त्या जागी घासू नका, नुसतं टेकवा."
"म्हणजे तो आहे तिथे थांबेल?"
"पुढे जाणार नाही," मी म्हटलं.
हातमोजे घालूनच म्हटलं.

बाबांची बंदूक दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची,
परत यायची ती कुठेतरी नवा गंज घेऊन,
आणि बाबा शिव्या घालत खोबरेलाची बाटली शोधायचे.
ते गेले, परवाना संपला,
मी इथून फोनवर म्हणालो, देऊन टाका.
तिच्यावर कुणाचे हात कुठे उमटले होते
मी पाहिलंच नाही.

चौदा डॉलर. त्यांनी सुटे मोजून दिले,
एक नाणं कमी पडलं, ते मी पाहिलं नाही असं केलं.
दार ढकलून त्या पावसात निघाल्या
आणि मला आठवलं, मुख्य सांगायचं राहिलं.
"त्या पेटीत ठेवू नका!" मी ओरडलो,
"आतला फोम ओल धरतो! कपाटात ठेवा, उभी,
कुलूप लावा, पण हवा लागू दे!"

त्यांनी मागे न बघता हात वर केला.
ऐकलं म्हणून, की येते म्हणून,
कळलं नाही.