लाल आधी जातो

नवी पेठेतला कोटगी हसला.
‘पाचव्या दिवशी नळ येतो आपल्याकडं,
अन् तुम्हाला चाळीस मीटर खोलीचं हाउसिंग पाहिजे?
बुडणार कशात, मॅडम?’
हिप्परग्यात, म्हटलं. मासे आहेत की तिथं.

त्यानं काउंटरवर एकेक मांडलं.
कॅमेऱ्यासाठी ॲल्युमिनियमचं घर:
आमच्या घराचं दोन वर्षांचं भाडं.
प्लास्टिकचं घर: चार लग्नं.
(मी किंमत लग्नांत मोजते, हळद धरून.)
आणि एक पारदर्शक पिशवी,
तिच्याकडं आम्ही दोघांनीही नीट बघितलं नाही.

लांबची लेन्स दाखवली. नको.
हिप्परग्याचं पाणी पोपटी, गाळानं जड,
आपलाच हात कोपराशी संपतो.
तिथं रुंद लेन्स लावायची
आणि माशाच्या इतकं जवळ जायचं
की मधे पाणीच उरू नये.
नवरीच्या इतकं जवळ मी कधी गेले नाही.

प्लास्टिकचं घेतलं.
फ्लॅश पुढच्या सीझनवर ढकलला.

रात्री पावणेतीनला पाणी आलं.
विडी घरकुलात गल्लीभर मोटारी घरघरल्या.
आई घागरी मांडत होती,
मी उंबऱ्यात बसून रबराची रिंग पुसत होते.
एक केस चालत नाही तिथं, एक कण नाही.
ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाच्या टोकावर.
पहिल्या बुडीला कॅमेरा आत ठेवत नाहीत,
टिश्यूपेपरची घडी ठेवतात.

अण्णा उठून आले.
एकतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, रंगखात्यात,
नखांच्या कडा अजून जांभळ्या.
‘अन् तो फ्लॅश कशाला म्हणालीस?’
सांगितलं, खाली जाताना उजेडातला लाल आधी जातो.
दहा पुरुष पाण्याखाली रक्तसुद्धा हिरवट दिसतं.
आपला लाल आपणच घेऊन जावा लागतो.

अण्णांना यात काही नवीन वाटलं नाही.
‘लाल लुच्चाच. पहिल्या धुण्याला पळतो.
मिठात धरला तर थांबतो थोडा.’
आत जाऊन चादरीचा एक तुकडा घेऊन आले
आणि हौदावर वाकले, बघायला.
‘अहो, पाच दिवसांचं पाणी आहे ते!’
आई अशी ओरडली की शेजारची मोटार बंद झाली.

तुकडा तसाच त्यांच्या हातात राहिला, कोरडा, भडक.
हौदाच्या तळाशी माझं रिकामं घर,
त्यावर वरवंटा, नाहीतर तरंगतं.

अर्ध्या तासानं काढलं. उघडलं.
टिश्यूचे तीन कोपरे कुरकुरीत.
चौथा जरा मऊ.
माझ्याच बोटाचा घाम असेल.

अण्णांनी तो गालाला लावला,
सूत वाळलं का बघायचे तसा.
‘कोरडाय.’
मग दुसऱ्या गालाला लावला.

मी रिंग पुन्हा काढली.