सुरमईच्या खोक्यात

गच्चीवर ओळीनं पाच खोकी, थर्माकोलची,
मासळीबाजारातून आणलेली, फुकट.
एकावर अजून निळ्या शाईत 'सूर, ओमान' लिहिलंय.
त्यातून बर्फात सुरमई आली होती,
डोळे उघडे, शेपटी दुमडलेली.
तीनदा मिठानं घासलं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं,
तरी झाकण काढलं की वास येतोच जरासा,
घरच्यासारखा.

अजमानात ऑक्टोबर सरता सरता ऊन माणसात येतं.
तोवर नळाचं पाणी चटका देतं,
अंघोळीची बादली आदल्या रात्रीच भरून ठेवायची.
आता पाण्यात हात घालवतो.
रात्री खोक्यावर झाकण.
गारवा धरायला बनवलेली वस्तू ऊबही धरते,
हे मला धंद्यामुळे ठाऊक.

पहिली वीण मात्र मीच मारली.
दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करतो,
वाटलं, नळीतून ठिबकतं ते पाणी मऊ, फुकटचं.
लावली बादली.
सकाळी सगळी तळाशी,
कुणी जिरं सांडावं तशी.
परकार म्हणाला, तांब्यावरून येतं ना ते?
बावीस वर्षं तांबं हाताळतोय. नाही सुचलं.
त्या दिवशी कामावर कुणाशी बोललो नाही.

मग टाकीचंच पाणी, दोन दिवस उघडं ठेवून,
आणि त्यात फुटपाथवरच्या बदामाचं एक लाल पान.
गळलेलंच; तोडलं तर दंड आहे.
नुरुल झाडू मारतो तेव्हा चांगली पानं बाजूला काढतो माझ्यासाठी,
पत्रावळीला निवडावीत तशी.
तिसऱ्या दिवशी पाण्याला कोऱ्या चहाचा रंग.

फायटरचा नर फेसाचं घरटं बांधतो.
एकेक बुडबुडा, थुंकीनं चिकटवत.
अंडी त्यात ठेवतो, मादीला हुसकतो,
आणि खाली उभा राहतो, न खाता.
पिलू निसटलं की तोंडात धरून पुन्हा वर लावतो.
रात्री एकला उठून मी टॉर्च मारला,
तेव्हाही तेच.
पडतंय, उचलतोय.
पडतंय, उचलतोय.

चौथ्या दिवशी पिलं आडवी पोहू लागतात
आणि बापाला बाहेर काढावं लागतं,
नाहीतर तोच खातो त्यांना.
परकार काही बोलणार होता.
मी म्हटलं, जाळी दे.

फोनवर स्वरदा विचारते, किती झाली?
एकशे चाळीस, म्हणतो.
मग मोजतो तर एकशे दहा, पुन्हा मोजतो तर एकशे साठ.
हलणारं काही मोजता येत नाही, बाय.
उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळायचा,
सुईच्या टोकावर मावेल एवढाच,
जास्त झाला तर पाणी नासतं.
दाखव, म्हणते.
कॅमेऱ्यात नुसता चहा दिसतो.

फेब्रुवारीत बलदियाचा माणूस आला, डासांच्या अळ्या शोधत.
सुदानी, एक गुडघा दुखरा, चार जिने चढून धापा टाकत.
प्रत्येक खोक्यात वाकून पाहिलं.
अळी एकही नाही. असतील त्या कधीच खाऊन झालेल्या.
वही उघडली, मिटली.
"गुरुवारपर्यंत हलव सगळं."
उतरता उतरता वळला,
"लाल आहे एखादा?"

तशीही वेळ झालीच होती.
तीन महिन्यांचे झाले की हे भाऊ एकमेकांना सोसत नाहीत,
एकेकाला वेगळी बरणी.
बिल्डिंगनं लोणच्याच्या दिल्या, टँगच्या दिल्या,
दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाईनं अत्तराची एक कुपीही दिली,
ती नम्रपणे परत केली.
गुरुवारी रात्री जिन्यात पायरीपायरीवर बरण्या,
आणि पोरं पायजम्यात, आपला कुठला ते ठरवत.

शुक्रवारी परकारनं अर्धी सुरमई आणली,
म्हणाला, फ्रीज भरलाय, ते ओमानवालं खोकं दे.
धुवायला घेतलं.
आत, चार बोटं खाली, चौफेर
पाण्याची एक तपकिरी रेघ.
मिठानं घासली.
राहिलीय.