कागदपत्रं पूर्ण

विकणे आहे, असं लिहायला बसले
तर गाडीबद्दल दोनच ओळी सुचल्या:
एम.जी. टीडी, एकोणीसशे एक्कावन्न, हिरवी, दोन माणसांची.
कागदपत्रं पूर्ण.

पुण्याचे निमकर आले एप्रिलात, भर दुपारी,
साखर पेठेतल्या आमच्या बोळात, पांढरे बूट घालून.
बोनेटला हातही न लावता म्हणाले,
आधी फाइल बघू.
फाइल म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
मी तो पुढे सरकवला, पंखा त्यांच्याकडे वळवला.

मुंबईच्या शोरूमचं बिल.
जकातीची पावती, शिक्क्यात अजून शोलापूर.
विव्हिंग मास्टर होल्डनचं पत्र:
मायदेशी जातो आहे, गाडी मिलला दिली.
मग मिलचं पत्र, मिल बंद पडतानाचं:
फिटर नरसय्या येमूल यांस
अकरा महिन्यांच्या थकल्या पगारापोटी मोटार एक. हिशोब पुरा.
खाली तिकिटावर नायनाची सही, तेलुगूत,
तिकिटाबाहेर गेलेली.

निमकर खूश झाले.
मालकीची साखळी अखंड आहे, म्हणाले.
अकरा महिने आम्ही काय खाल्लं
हे त्यांनी विचारलं नाही,
विचारण्याचं कारणही नव्हतं.
त्यांनी फक्त पत्र उजेडात धरून कागदाचा वॉटरमार्क पाहिला.

नायना नोंदी ठेवायचा, वही मात्र नव्हती.
चादरीच्या लेबलांवर लिही,
माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर
(गणितात नापास, खाली: ब्रेकचे पट्टे बदलले).
आणि चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात
दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले, जेट साफ केले,
सुया सोलापुरात मिळेनात, स्वतः घासल्या,
ते सगळं अम्माच्या विडीकार्डाच्या पाठीवर.

कार्ड उलटलं.
तीन तारीख, आठशे. चार तारीख, हजार.
पाच तारीख, हजार, बाद एकशे वीस.
सहा तारखेला काहीच नाही. सहाला माझा भाऊ झाला.
सात तारीख, चारशे.

हे मी देणार नाही, म्हटलं.

मॅडम, हाच तर महत्त्वाचा कागद,
इंजिनाचं सगळं यात आहे.
बाकी मागे काय, साधा हिशोब.

दहा हजार कमी द्या, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
पहिल्यांदाच, डब्याकडे नाही.
कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आणली,
चार रुपये, दोन्ही बाजू.
तंबाखूचा डाग मशीनला दिसला नाही,
तिथे नुसता करडा ढग आला.

मग त्यांनी गाडी पाहिली.
लाकडी सांगाडा ठोकून पाहिला, दारं उघडून मिटली.
खालची थाळी बघून हसले: तेल गळतंय.
नायना म्हणायचा, गळतंय म्हणजे आहे.
हे मी सांगितलं नाही.
सेल्फ लागेना. समोरच्या लूमवरची पोरं आली,
चल बे, धर बे, करत ढकलत नेली ट्रकपर्यंत,
एकाने हॉर्न दाबला आणि स्वतःच दचकला.

फळीवर चाकं चढली तेव्हा निमकरांनी पेन काढलं.
मीटर कधीपासून बंद?
एक्याऐंशीपासून.
त्यानंतर किती चालली असेल?

एक्याऐंशीत नायनाला दुसरीकडे काम लागलं,
गाडीचं काही लिहायला वेळ उरला नाही.
पण उन्हाळ्यात वीज गेली, लूम थांबले, पेठ अंधारात गप्प झाली
की तो टप काढायचा,
अम्मा सूप बाजूला ठेवून यायची,
पदर कमरेला खोचून, पुढच्या सीटवर.
सिद्धेश्वर तळ्याला वळसा, मग पार्क चौक, मग सात रस्ता,
कधी थेट होटगी रोडला, जिथे दिवे संपायचे.
ती उजवा हात मांडीवर ठेवायची, डावा बाहेर वाऱ्यात,
बोटं सुटी सोडून.
आम्ही पोरं छपरावर झोपेचं सोंग घेऊन
इंजिन परत येण्याची वाट बघायचो.
किती मैल, देव जाणे.

फार नाही, मी म्हटलं.
त्यांनी तसं लिहून घेतलं.