सरपंच

पहाटे साडेचारला बोट काढली की
आधी नाकाला कळतं तळं,
मग वल्ह्याला.
डोळ्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

पुढच्या टोकाला पुतण्या, जितू.
हातात टॉर्च, तोंडात ब्रश.
"काकू, पांढरं काई हाये."
पांढरं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.
दोन वर्षांमागे असाच एक सदरा
फुगून तरंगत होता,
आणि तो रिकामा नव्हता.

हे मात्र थर्माकोलचं सिंहासन निघालं,
सोनेरी कागद सुटत चाललेला,
आणि देवाच्या जागी धामण,
वेटोळं घालून, भिजलेली, कंटाळलेली.
आम्ही वल्हं आवरलं.
तिचा रस्ता तिला दिला.

तळ्यात जे येतं
ते तळ्याला विचारून येत नाही.
एकदा लाल सिलिंडर आलं, रिकामं,
आडवं पडून हेलकावे खात.
काठाला लावलं तर दुपारपर्यंत
तीन घरांनी ते आपलं म्हणून ओळखलं.
एकदा फ्रिजचं खोकं, आत दोन पोट्टे,
ताटल्यांनी पाणी मारत.
शिव्या घातल्या, दोर टाकला,
मग पुन्हा शिव्या घातल्या.
भोपळा आला होता, तो खाल्ला.

मामाजी म्हणायचे,
"दिसते त्याले काय भ्याचं?"

भ्यायचं ते सरपंचाला.

सरपंच म्हणजे येनाचा एक ओंडका.
कोणत्या पुरात आला, कोणी सांगत नाही.
उभाच पोहतो. सगळं अंग पाण्यात,
वर फक्त चार बोटं टाळू.
वारा असेल तिकडे जातो,
शोधायला गेलं तर सापडत नाही,
नको तेव्हा आडवा येतो,
म्हणून हे नाव.
खुर्चीतली माणसं बदलली, मधे एक बाईही बसली,
ओंडक्याचं नाव तेच राहिलं.

माझी दोन जाळी त्याने फाडली.
श्रावण दिघोऱ्याचा डोंगा उलटवला.
डोंगा मिळाला, मोबाईल नाही.
सोसायटीने ठराव केला: ओंडका काढावा.
ठरावाचा कागद अजून कोरडा आहे.
भंडाऱ्याहून साहेब आले,
लाइफ जॅकेट घालून तासभर फिरले.
त्या दिवशी सरपंच गावाला गेलेला.

परवा धुकं होतं. जितू बसल्या बसल्या झोपलेला.
वल्ह्याला काहीतरी लागलं,
जसा अंधारात
ओळखीच्या माणसाच्या खांद्याला हात लागावा.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी त्याला इतक्या जवळून पाहिलं.
टाळूवर शेवाळ,
भेगेत गवताची सात-आठ पाती,
आणि पाती धरून बसलेला
नखाएवढा बेडूक.

जितू जागा झाला, दोर काढला.
"वढू ना काकू, मिलवाल्याले देऊ.
दोन हजार तं कुठी नाई गेले."
दोन हजार. मीही हिशोब केला,
खोटं कशाला बोलू.
ओढलं.
तो हलला नाही, आम्हीच हललो,
त्याच्याभोवती, एक अख्खा फेरा.
तिसऱ्या ओढीला बोटीत पाणी आलं.

मग मी डबा उघडला.
चंद्री गेली तेव्हा तिच्या गळ्यातली घंटी
जाळ्याला वजन म्हणून ठेवली होती.
एक हातभर काठी भेगेत ठोकली,
बेडूक सरकेना, म्हणून भेगेच्या दुसऱ्या टोकाला,
आणि काठीला तारेने घंटी.
जितू म्हणाला, "दोन हजार गेले."
मी म्हटलं, "पाणी उपस."

आता रात्री वारा सुटला की
गावात ऐकू येतं.
नवी सून दचकून विचारते, कोणाची गाय सुटली?
श्रावण म्हणतो, माहा मोबाईल वाजून रायला.
मी कूस बदलते, कान लावते.
आज तो बांधाकडे आहे.
पहाटे उजवीकडून जायचं.